मशीनला आधी 'घर' दाखवा: स्टेपर मोटरच्या सीएनसीवर होमिंग स्विच का, कुठे आणि कसा



होमिंगचा व्हिडिओ आला आणि तुमच्यापैकी अनेकांचा सूर एकच होता: "सर, मशीन तर होमिंगशिवाय पण चालतं, मग हा खर्च कशाला?" प्रश्न रास्त आहे. मशीन चालतं, हे खरं. प्रश्न एवढाच की ते कधीपर्यंत चालतं आणि अडलं तर नुकसान कोणाचं? व्हिडिओत वेळेअभावी राहिलेली आकडेमोड, वायरिंग आणि तपासणी इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

एक चित्र डोळ्यांसमोर आणा. ४० नेमप्लेटची ऑर्डर आहे. उद्या सकाळी ११ ला सोसायटीचे सेक्रेटरी माल न्यायला येणार. ॲक्रिलिकची शीट बेडवर घट्ट बसवलेली, ३१ वी प्लेट चालू आहे आणि लाइट गेली. वीस मिनिटांनी आली. आता मशीन सुरू केल्यावर स्क्रीनवर काय दिसतं? एक्स शून्य, वाय शून्य, झेड शून्य. म्हणजे स्पिंडल जिथे अर्धवट थांबला, तीच जागा मशीनला 'शून्य' वाटते. तुमचा खरा शून्य शीटच्या कोपऱ्यावर होता आणि तो मशीन विसरलं. मग आपण काय करतो? डोळ्याने कोपरा शोधतो, बिट अंदाजाने टेकवतो, "बसलं बहुतेक" म्हणतो आणि स्टार्ट दाबतो. अक्षराची एक कड अर्धा मिलिमीटर सरकली की ती प्लेट गेली. आणि शीट एकच असेल तर पुढच्या नऊही धोक्यात.

होमिंग स्विच हा या प्रश्नाचा इलाज आहे. पण नुसता स्विच विकत आणून काम भागत नाही. तो नीट बसवावा लागतो, नीट जोडावा लागतो आणि तपासावा लागतो. एकेक बघू.

स्टेपर मोटर 'आंधळी' का असते?

आपल्या राउटरवरची स्टेपर मोटर साधारणपणे १.८ अंशाची असते. म्हणजे एका फेऱ्यात २०० पावलं. ड्रायव्हरवर १६ मायक्रोस्टेप लावले की एका फेऱ्याला ३,२०० पल्स. बॉल स्क्रूचा पिच ५ मिमी असेल तर १ मिमी सरकायला ६४० पल्स लागतात. कंट्रोलर फक्त एवढंच करतो: पल्स पाठवतो आणि मोजतो. मोटर खरंच तेवढी फिरली का, हे त्याला कोणी सांगत नाही. ओपन लूप म्हणतात ते हेच.

रात्री अंधारात घरात पावलं मोजत चालणाऱ्या माणसासारखं आहे हे. बारा पावलं म्हणजे दार, हे त्याला पाठ आहे. पण कुठून निघालो हेच माहीत नसेल, तर बारा पावलांचा उपयोग काय? आधी एकदा भिंतीला हात लागला पाहिजे. होमिंग स्विच म्हणजे ती भिंत. मशीन चालू केलं की प्रत्येक अक्ष आपल्या स्विचपर्यंत जातो, "इथे मी आहे" हे पक्कं करतो आणि तिथून मोजायला लागतो.

काही जण म्हणतात, "मी मशीन हलवतच नाही, बंद केलं त्याच जागी चालू करतो. मग शून्य कसा हलेल?" हलतो. ड्रायव्हर चालू होताना मोटरच्या कॉइलमध्ये एका ठरावीक स्थितीचा करंट सोडतो आणि रोटर त्या स्थितीच्या जवळच्या खाचेत जाऊन बसतो. या मोटरमध्ये तीच विद्युत स्थिती दर ४ पूर्ण पावलांनी पुन्हा येते. त्यामुळे रोटर २ पावलांपर्यंत पुढे किंवा मागे सरकू शकतो. ५ मिमी पिचला हे ०.०५ मिमी झालं. दिसायला कमी, पण झेडमध्ये एवढा फरक पडला तर बारीक कोरीवकामात अक्षराची जाडी बदलते. शिवाय करंट गेला की जड स्पिंडल स्वतःच्या वजनाने खाली उतरू शकतो, ते वेगळंच.

तीन नावं, तीन कामं

होम, लिमिट आणि सॉफ्ट लिमिट यांत फार गोंधळ होतो. आधी तो मिटवू.

होम किंवा रेफरन्स स्विच मोजणीची सुरुवात ठरवतो. त्याचं काम अचूकतेचं.

लिमिट स्विच अक्षाच्या टोकाला असतो. मशीन भरकटलं तर ते थांबवायचं, एवढंच त्याचं काम. ते सुरक्षेचं काम आहे.

सॉफ्ट लिमिट हा स्विचच नाही. ती कंट्रोलरमधली सेटिंग आहे. "एक्स अक्ष ५८० मिमी एवढाच आहे, त्यापलीकडची कमांड मी घेणार नाही," असं कंट्रोलर स्वतः म्हणतो. पण हे म्हणायला त्याला स्वतःची जागा माहीत हवी. म्हणून होमिंगशिवाय सॉफ्ट लिमिटला अर्थ नाही.

लहान मशीनवर एकच स्विच होम आणि त्या टोकाचं लिमिट अशी दोन्ही कामं करू शकतो. तीन अक्षांना तीन स्विच आणि दुसऱ्या टोकांसाठी सॉफ्ट लिमिट. सुरुवातीला एवढं पुरतं.

होमिंगच्या वेळी नेमकं काय घडतं?

चार टप्पे असतात.

पहिला: अक्ष वेगाने स्विचच्या दिशेने जातो आणि स्विच दाबला जातो.

दुसरा: थोडं मागे येऊन स्विच सोडतो.

तिसरा: आता अगदी हळू पुन्हा स्विचला जाऊन भिडतो. खरी नोंद या वेळची.

चौथा: पुन्हा १-२ मिमी मागे येऊन थांबतो, म्हणजे स्विच दाबलेला राहत नाही.

दोनदा का? कारण वेगात गेलं की जडत्व आडवं येतं. अनेक कंट्रोलर स्विच लागल्यावर रीतसर वेग कमी करत थांबतात. हिशोब करा. वेग मिनिटाला ३,००० मिमी, म्हणजे सेकंदाला ५० मिमी. प्रवेग ५०० असेल तर थांबायला लागणारं अंतर ५० गुणिले ५०, भागिले १,०००. म्हणजे २.५ मिमी. स्विच लागल्यानंतरही गॅन्ट्री अडीच मिमी पुढे जाते! स्विचचा दांडा तेवढा दबत नसेल तर स्विच फुटतो. म्हणून पहिल्या फेरीचा वेग बेताचा ठेवायचा आणि अचूक नोंद दुसऱ्या, हळू फेरीत घ्यायची.

कोणता स्विच घ्यायचा?

*मायक्रोस्विच.* पत्तीचा किंवा रोलरचा. सगळ्यात स्वस्त, वेगळा सप्लाय लागत नाही. राउटरच्या भुशात साधा उघडा स्विच अडकतो, म्हणून बंद बॉडीचा घ्या. लांब पत्तीचा टाळा. पत्ती जितकी लांब, तितकी ती वाकते आणि नोंद डळमळते.

*ऑप्टिकल.* खाचेतून पट्टी गेली की प्रकाश अडतो. कशाला स्पर्श नाही, म्हणून झीज नाही, आणि अचूकताही चांगली. पण लाकडाची धूळ याची वैरी. लेझर मशीनवर किंवा प्रिंटरवर छान, एमडीएफ कापणाऱ्या राउटरवर डोकेदुखी.

*इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी.* १२ मिमी आट्याचा, धातू समोर आला की सिग्नल देणारा. भुसा, प्लास्टिक, ॲक्रिलिकची बुरी याला दिसतच नाही. माझ्या मते लाकूड आणि ॲक्रिलिकच्या राउटरला हाच योग्य. दोन गोष्टी लक्षात ठेवा. डब्यावर ४ मिमी अंतर लिहिलेलं असतं ते लोखंडासाठी. ॲल्युमिनियम समोर असेल तर ते निम्म्याहून कमी होतं. म्हणून समोर लोखंडी स्क्रू किंवा पट्टी लावा. दुसरं, हा स्विच १२ किंवा २४ व्होल्टवर चालतो आणि छोट्या कंट्रोलरचा इनपुट ५ व्होल्टचा असतो. मधे ऑप्टोकपलर घाला. थेट जोडून बोर्ड जाळू नका.

*बिनस्विचची पद्धत.* काही ड्रायव्हर मोटरवरचा भार ओळखतात. अक्ष टोकाला टेकला की "अडलं" हे त्यांना कळतं. हॅम्बुर्गच्या ट्रिनॅमिक कंपनीच्या चिपमध्ये ही सोय आहे आणि २०१७ मध्ये आलेल्या प्रुसा एमके ३ या थ्रीडी प्रिंटरने एक्स-वायला तीच वापरली. हलक्या, बेल्टच्या मशीनला ठीक. पण जड गॅन्ट्री आणि स्क्रू असलेल्या राउटरवर भार वेगानुसार, ग्रीसनुसार, थंडी-उन्हाळ्यानुसार बदलतो. तिथे मी ही पद्धत सुचवणार नाही.

कुठे आणि कसा बसवायचा?

पहिला नियम: स्विच म्हणजे स्टॉपर नव्हे. गॅन्ट्रीने स्विचवर समोरून धडकायचं नाही, त्याच्या बाजूने सरकत जायचं. स्विचच्या पुढे वेगळा रबरी किंवा लोखंडी स्टॉपर हवाच. वरचे अडीच मिमी आठवा. स्विच लागला की स्टॉपरपर्यंत किमान तेवढी मोकळी जागा राहिली पाहिजे.

दुसरा: झेडचं होम कायम वर. होमिंगची सुरुवातही झेडपासून. बिट आधी वर गेली की मग गॅन्ट्री फिरली तरी क्लॅम्पला धडकणार नाही.

तिसरा: ब्रॅकेट जाड पट्टीचं आणि दोन स्क्रूंचं. एका स्क्रूवरचं ब्रॅकेट धक्क्याने फिरतं आणि मग तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसता. जागा पक्की झाली की ब्रॅकेटच्या कडेला मार्करने रेघ मारून ठेवा. कोणी हलवलं तर एका नजरेत कळेल.

चौथा: तुमच्या गॅन्ट्रीला दोन बाजूंना दोन मोटर असतील आणि कंट्रोलर परवानगी देत असेल, तर दोन्ही बाजूंना वेगळे होम स्विच लावा. प्रत्येक बाजू आपापल्या स्विचला जाऊन थांबते आणि गॅन्ट्री दर वेळी काटकोनात येते. हे का महत्त्वाचं? ६०० मिमी रुंदीत एक बाजू १ मिमी पुढे राहिली, तर ३०० मिमीची प्लेट अर्धा मिमी तिरकी कापली जाते. तपासायचं सोपं आहे: ४०० बाय ३०० चा आयत कापा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ५०० आले पाहिजेत. फरक दिसला तर एका बाजूचा स्विच थोडा सरकवा.

वायरिंग: बहुतेक तक्रारी इथल्याच

स्विच नेहमी एनसी जोडा. म्हणजे एरवी सर्किट जोडलेलं, दाबल्यावर तुटलेलं. कारण साधं आहे. एनओ जोडलं आणि वायर केबल-चेनमध्ये तुटली, तर मशीनला काहीच कळत नाही. ते टोकापर्यंत जाऊन आदळतं. एनसीमध्ये वायर तुटली की "स्विच दाबला गेला" असंच दिसतं आणि मशीन थांबतं. बिघाड झाला तर मशीन थांबलं पाहिजे, धावलं नाही पाहिजे.

आता नेहमीची तक्रार: "सर, स्पिंडल बंद असताना होमिंग मस्त होतं, पण जॉब चालू असताना मधेच लिमिटचा अलार्म येतो. स्विचला तर कोणी हातही लावला नाही!" हा स्पिंडलच्या व्हीएफडीचा नॉइज. स्विचची लांब वायर ॲन्टेनासारखी तो पकडते. उपाय या क्रमाने करा.

१. स्विचची वायर स्पिंडलच्या वायरपासून लांब न्या. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा, शेजारी-शेजारी नको.

२. शील्डवाली केबल वापरा आणि शील्ड फक्त कंट्रोलरच्या टोकाला अर्थ करा. दोन्ही टोकांना नाही.

३. अर्थिंग तपासा. नुसता हिरवा वायर लावलेला असणं म्हणजे अर्थिंग नव्हे. इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.

४. आर्डुइनोसारख्या बोर्डचा आतला पुल-अप फार कमजोर असतो, २० ते ५० किलो-ओहम. बाहेरून ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर ५ व्होल्टला आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला लावा. दोन्ही मिळून काही रुपयांचं काम.

"कपॅसिटरमुळे उशीर होऊन अचूकता जाणार नाही का?" मोजून बघू. ४.७ किलो आणि ०.१ मायक्रो मिळून साधारण ०.४७ मिलिसेकंद. हळू फेरीचा वेग मिनिटाला २५ मिमी धरला तर तेवढ्या वेळात अक्ष ०.०००२ मिमी सरकतो. विसरून जा.

हे सगळं करूनही अलार्म येत असेल तर ऑप्टोकपलरचा बोर्ड लावा आणि स्विचकडे २४ व्होल्ट पाठवा.

ग्रबलच्या सेटिंग्ज

तुमच्यातले बरेच जण ग्रबल वापरतात, म्हणून त्याचे आकडे देतो. आवृत्ती १.१ धरून.

$१३०, $१३१, $१३२: तिन्ही अक्षांचा प्रवास मिमीमध्ये. हे आधी भरा. मूळ आकडा २०० असतो. होमिंगच्या वेळी ग्रबल या आकड्याच्या दीडपट अंतर शोधतो आणि स्विच नाही सापडला तर अलार्म ९ देतो. तुमचा बेड ६०० चा आणि आकडा २०० असेल तर ३०० मिमीवर शोध थांबणार. स्विचची काहीच चूक नसते!

$५: एनसी स्विचसाठी आर्डुइनोवर साधारणपणे १.

$२२: १ केलं की होमिंग चालू. यानंतर मशीन सुरू केल्यावर ते लॉक असतं, आधी होम मागतं. ही अडचण नाही, ही तर आपली शिस्त.

$२३: होमची दिशा. मूळ सेटिंगमध्ये होम उजव्या-मागच्या कोपऱ्यात, झेड वर. डाव्या-पुढच्या कोपऱ्यात हवं असेल तर एक्सचा १ आणि वायचा २ मिळून ३.

$२५ आणि $२४: वेगवान फेरी आणि हळू फेरी. मूळ आकडे मिनिटाला ५०० आणि २५ मिमी. तिन्ही अक्षांना एकच वेग लागतो, म्हणून सगळ्यात मंद अक्षाला, बहुधा झेडला, झेपेल तोच ठेवा.

$२७: शेवटी किती मागे यायचं. मूळ १ मिमी. प्रॉक्सिमिटी किंवा रोलर स्विचला २-३ मिमी ठेवा. कमी पडलं तर स्विच सुटत नाही आणि अलार्म ८ येतो.

$२०: सॉफ्ट लिमिट. होमिंग नीट झालं की हे १ करा.

$२१: हार्ड लिमिट. नॉइजचा बंदोबस्त झाल्यावरच १ करा.

होमिंग झाल्यावर स्क्रीनवर मशीन पोझिशन -१.००० दिसली तर गोंधळू नका. मूळ सेटिंगमध्ये शून्य स्विचवर असतो आणि कामाची जागा उणे बाजूला. ते १ मिमी म्हणजे मागे आलेलं अंतर.

पहिल्यांदा चालवताना

घाई नको. गॅन्ट्री मधोमध आणा. वेग कमी ठेवा. इमर्जन्सी बटणावर एक हात. आधी प्रत्येक स्विच बोटाने दाबा आणि सॉफ्टवेअरमध्ये योग्य अक्षाचा दिवा लागतोय का ते बघा. प्रॉक्सिमिटी असेल तर समोर पाना धरा. मगच होम द्या. अक्ष उलट दिशेला निघाला तर लगेच थांबवा आणि $२३ बदला. दिशा बरोबर असेल तर अक्ष स्विचपर्यंत पोहोचायच्या आत स्विच हाताने दाबून बघा. थांबून मागे आला पाहिजे. तिन्ही अक्ष असे पास झाले की मग खरं होमिंग.

तुमचं होम किती पक्कं? दहा वेळा मोजा

डायल गेज बेडवर लावा. होम करा, मशीनला एका ठरावीक जागी पाठवा, डायल शून्य करा. मग दहा वेळा होम करून त्याच जागी पाठवा आणि आकडे वहीत लिहा. सगळ्यात मोठा वजा सगळ्यात लहान, ही तुमच्या होमची पुनरावृत्ती. लाकडी बोर्ड, नेमप्लेटला ०.१ मिमीच्या आत असेल तरी काम होतं. पितळेचं इनले किंवा दोन बाजूंनी कोरायचं काम असेल तर ०.०२ च्या आसपास पाहिजे.

याच डायलने 'स्टेप मिस' पण पकडता येतात. ठरावीक जागी डायल शून्य करा, जॉब चालवा, होम न करता त्याच जागी परत या आणि डायल वाचा. फरक आला? आता होम करून पुन्हा त्याच जागी या.

होमनंतर डायल शून्यावर आला, तर स्विच ठीक आहे आणि जॉब चालताना अक्ष सरकला. तो फरक किती होता ते बघा. स्टेपर मोटर घसरते तेव्हा ४ पूर्ण पावलांच्या पटीत घसरते. ५ मिमी पिचला ०.१ मिमी, ८ मिमी लीडच्या स्क्रूला ०.१६, जीटी-२ बेल्ट आणि २० दातांच्या पुलीला ०.८. तुमचा फरक या पटीत असेल तर मोटर पावलं चुकवतेय: वेग-प्रवेग कमी करा, करंट तपासा. फरक कसाही, वेडावाकडा असेल तर कपलिंगचा ग्रब स्क्रू ढिला आहे का बघा.

होमनंतरही डायल शून्यावर आला नाही, तर मोटरला दोष देऊ नका. स्विच किंवा त्याचं ब्रॅकेट हललंय. मार्करची रेघ बघा.

लाइट गेल्यावर काय करायचं?

आता त्या ३१ व्या प्लेटकडे येऊ. होमिंग असेल तर क्रम असा.

१. शीटला आणि क्लॅम्पला हात लावू नका. शीट जागची हलली नाही, यावरच पुढचं सगळं उभं आहे.

२. बिट मालात रुतलेली असेल तर लॉक काढा ($एक्स) आणि झेड थोडा-थोडा वर घ्या. मग होम द्या ($एच).

३. वर्क झिरो पुन्हा सेट करू नका! जी ५४ चा शून्य ग्रबलच्या मेमरीत जतन असतो, लाइट गेली तरी पुसत नाही. तो मशीनच्या होमपासून मोजलेला असतो. होम परत मिळालं की शून्यही परत मिळाला.

४. झेड सुरक्षित उंचीवर ठेवून एक्स शून्य, वाय शून्यला पाठवा. बिट कोपऱ्याच्या खुणेवर आली का बघा. बिट बदलली नसेल तर झेडही तोच असतो. तरी कागद सरकवून खात्री करा.

५. फाइलमध्ये थांबलेल्या ओळीच्या थोडं मागे जा. प्लेटची सुरुवात सापडली तर उत्तम. 'इथून चालू करा' देण्याआधी युनिट, ॲब्सोल्यूट मोड, स्पिंडल चालू, फीड आणि सुरक्षित झेड या ओळी आधी जातात ना, हे तपासा. त्या गेल्या नाहीत तर बिट मालातून सरळ आडवी ओढली जाईल.

डीएसपी हँडलच्या राउटरमध्ये ब्रेकपॉइंटची सोय असते, पण तीही आधी होम केलं तरच उपयोगी.

आणि हो, नुसता कंप्युटर यूपीएसवर ठेवून भागत नाही. कंप्युटर चालू राहतो, पल्स पाठवत राहतो आणि ड्रायव्हर बंद असतात. ही परिस्थिती तर आणखी वाईट.

धंद्याच्या भाषेत

होमिंगचा फायदा फक्त लाइट गेल्यावर होतो असं नाही. एकच माल वारंवार करत असाल तर बेडवर पक्की फिक्स्चर लावा आणि जी ५४ ते जी ५९ अशा सहा शून्यांपैकी एकेक शून्य एकेका फिक्स्चरला देऊन टाका. सकाळी होम द्यायचं, माल खाचेत बसवायचा, चालू. रोज शून्य लावायला १० मिनिटं जात असतील तर २५ दिवसांचे २५० मिनिटं होतात, म्हणजे महिन्याला चार तासांहून जास्त. तुमच्या मशीनचा तासाचा दर त्याला लावा आणि स्विचच्या किमतीशी तुलना करा. उत्तर तुमचं तुम्हाला मिळेल.

त्याहून मोठा फायदा माणसांचा. शून्य लावणं हे 'हाताचं कसब' असेल तोपर्यंत तुम्ही मशीन सोडून ग्राहकाकडे जाऊ शकत नाही. तेच काम स्विच करायला लागला की दोन दिवसांत मदतनीस तयार होतो. त्याला एकच नियम द्या आणि मशीनवर मोठ्या अक्षरात चिकटवा: चालू केलं की आधी होम. अलार्म आला की पुन्हा होम. शंका आली तरी होम.

या आठवड्याचा गृहपाठ: डायलची दहा वेळा मोजणी करा आणि सगळ्यात मोठा व सगळ्यात लहान आकडा कमेंटमध्ये लिहा. सोबत स्विचचा प्रकार आणि स्क्रूचा पिच पण लिहा. स्विच अजून बसवलाच नसेल तर मशीनच्या कोपऱ्याचं नीट मोजमाप घेऊन विचारा, ब्रॅकेट कसं करायचं ते सांगतो. पुढच्या व्हिडिओत झेडसाठी टूल-सेटर, म्हणजे बिट बदलली तरी उंची न चुकवण्याची युक्ती.

भेटू लवकरच. काम करत राहा, मोजत राहा!